जागा सोडायची नाही : सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनचं १९०६ सालचं प्रकरण

पुनर्विकासाच्या बैठकांना बसलेल्या कुणालाही एक वाक्य ओळखीचं असतं : ‘तुमच्याच भल्यासाठी तुम्हाला हलवतोय.’ बोलणारा नकाशा उघडून बसलेला असतो. ऐकणाऱ्यांच्या हातात भाडेपावती असते, नाहीतर तीही नसते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी वस्तीला हे वाक्य १९०६ च्या एप्रिलमध्ये ऐकावं लागलं, तेव्हा त्या वस्तीत एकही घर उभं नव्हतं. भूकंप आणि आगीत सगळं गेलं होतं. शहराला ती जागा परत हवी होती, आणि रिकामी करायला कुणाला हात धरून बाहेर काढायचीही गरज उरली नव्हती. तरीही ती वस्ती आज त्याच जागी आहे.

ती तिथे कशी राहिली, कोणी कोणता निर्णय कधी घेतला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे या प्रकरणात मांडलं आहे. जी माणसं सार्वजनिक इतिहासात नोंदली गेली आहेत त्यांचीच नावं घेतली आहेत. बाकीचे व्यापारी, भाडेकरू, घरमालक इथे बिननावाचेच आहेत.

पार्श्वभूमी

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात ‘सोन्याचा डोंगर’ हा शब्द घरोघरी पोचला. पर्ल नदीच्या मुखाजवळच्या टायशानसारख्या मोजक्या तालुक्यांतून माणसं निघाली. शेती तुकड्यांत वाटली गेलेली, वर लढाया आणि पूर. त्यामुळे घरातला एक कर्ता मुलगा कर्ज काढून जहाजात बसवायचा, तो पैसे धाडेल, मग कर्ज फिटेल, असा हिशेब होता. एकट्या १८५२ साली वीस हजारांवर चिनी माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात उतरली.

उतरलेला माणूस आधी आपल्या गावचा माणूस शोधायचा. पोर्ट्समथ स्क्वेअरच्या आसपास सॅक्रामेंटो स्ट्रीट आणि ड्युपाँट स्ट्रीटवर दुकानं, खानावळी आणि निजायच्या खोल्या उभ्या राहिल्या. सॅक्रामेंटो स्ट्रीटला चिनी माणसं ‘तांग लोकांची गल्ली’ म्हणत; दक्षिण चीनमधले लोक स्वतःला तांग लोक म्हणवत. एकेका जिल्ह्याची, एकेका आडनावाची मंडळं निघाली. आलेल्याला पथारी, नसलेल्याला काम, आजाऱ्याला औषध, आणि मेलेल्याची हाडं गावी पोचवायची सोय, ही सगळी कामं मंडळाकडे. गिरगाव-परळच्या चाळींत कोकणातल्या चाकरमान्यांनी गावमंडळाच्या खोल्या चालवल्या, त्यांची व्यवस्था ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पुढे या मंडळांचा एक महासंघ झाला. त्याला ‘सिक्स कंपनीज’ हे नाव पडलं आणि सरकारदरबारी वस्तीच्या वतीने तोच बोलू लागला.

१८६५ ते १८६९ या काळात सेंट्रल पॅसिफिक रेल्वेने सिएरा नेवाडाचे डोंगर फोडायला दहा हजारांहून जास्त चिनी मजूर लावले. रेल्वे पुरी झाली, पाठोपाठ मंदी आली, आणि बेकार गोऱ्या कामगारांचा राग चिनी माणसावर वळला. १८७७ च्या जुलैत दंगल झाली. डेनिस कर्नी नावाचा पुढारी प्रत्येक भाषणाच्या शेवटी ‘चिनी गेलेच पाहिजेत’ म्हणू लागला. १८८२ साली अमेरिकेने कायदाच केला : चिनी मजुरांना प्रवेश बंद, आणि चिनी माणसाला नागरिकत्व नाही. व्यापारी, विद्यार्थी आणि इथेच जन्मलेली मुलं यांनाच काय ती फट उरली. बायका आधीच फार थोड्या होत्या. त्या आणखी दुर्मीळ झाल्या. जनगणनेत शहरातले चिनी १८९० साली सुमारे २६ हजार होते, १९०० साली सुमारे १४ हजार. वस्ती मुख्यतः एकट्या पुरुषांची होती.

इथे एक गोष्ट ठळक केली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही माणसं कोर्टात जात. धोबीखान्यांच्या परवान्यात भेदभाव झाला तेव्हा ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १८८६ च्या यिक वो खटल्यात जिंकली. १८९० साली शहराने वटहुकूम काढला की सगळ्या चिनी लोकांनी साठ दिवसांत ठरवून दिलेल्या भागात राहायला जावं. तो भाग कत्तलखाने आणि चरबी वितळवण्याच्या कारखान्यांसाठी राखलेला होता. तोही वटहुकूम संघराज्य न्यायालयाने रद्द केला. १८९८ साली, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्कच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आईबाप चिनी असले तरी इथे जन्मलेला माणूस अमेरिकेचा नागरिक आहे.

मग प्लेग आला. १९०० च्या मार्चमध्ये वस्तीतल्या एका हॉटेलच्या तळघरात एक मृतदेह मिळाला आणि पालिकेने अख्ख्या वस्तीभोवती दोर बांधला. दोराची रेघ गोऱ्यांची दुकानं वगळून वाकडीतिकडी जात होती. मे महिन्यात चिनी लोकांना लस टोचायची मोहीम निघाली, आणि टोचल्याचा दाखला नसेल तर शहराबाहेर जाता येणार नाही, असं फर्मान निघालं. ही लस हाफकिनची होती, म्हणजे तीन वर्षांपूर्वी मुंबईत, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार झालेली. १८९७ च्या पुण्यातल्या झडत्यांची आठवण आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या टिकली आहे. रोग खरा असतो, औषधही खरं असतं, आणि तरी ते घेऊन दारात येणाऱ्याची नजर माणूस विसरत नाही. चायनाटाउनमध्ये तेच घडलं. वस्ती पुन्हा कोर्टात गेली. न्यायालयाने एका वंशापुरती सक्तीही रद्द केली आणि मार्चमधला दोर सुटल्यावर मे अखेरीस पुन्हा बांधलेला दोरही सोडायला लावला. १९०४ पर्यंत प्लेगने तिथे ११९ माणसं नेली. ‘चायनाटाउन म्हणजे रोगाचं घर’ हे मात्र शहराच्या डोक्यात पक्कं बसलं.

अडचण

१८ एप्रिल १९०६, पहाटे ५ वाजून १२ मिनिटं. भूकंप मिनिटभराचा असेल, पण नळ फुटले, आणि आग तीन-चार दिवस जळत राहिली. सुमारे २८ हजार इमारती गेल्या, चार लाखांच्या शहरातले निम्म्याहून जास्त लोक बेघर झाले. चायनाटाउन पहिल्या रात्रीनंतर उरलं नाही. मृतांचा तेव्हाचा सरकारी आकडा काहीशेंचा होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो तीन हजारांवर नेला. चिनी मृतांची नोंद नाममात्र झाली होती.

वाचलेली माणसं फेरीबोटीने खाडीपलीकडच्या ओकलंड शहरात गेली. जे शहरात राहिले त्यांची छावणी काही दिवसांतच दोन-तीनदा उचलली गेली. आधी व्हॅन नेस रस्त्याच्या टोकाला, मग प्रेसिडिओ या लष्करी आवारातल्या गोल्फच्या मैदानावर, मग त्याच आवाराच्या पार कोपऱ्यात, फोर्ट पॉइंटला. जवळच्या बंगल्यांत राहणाऱ्यांनी वाऱ्याबरोबर वास येतो अशी तक्रार केली होती. इकडे जळालेल्या वस्तीत लूट चालली होती. राखेतून चिनी मातीची भांडी, पितळ, जेड असं सापडेल ते उचलून नेणाऱ्यांत राखणीला ठेवलेले शिपाईही होते आणि चांगल्या कपड्यांतले नागरिकही होते.

अशा अवस्थेत महापौर युजीन श्मिट्झ यांनी नेमलेल्या पन्नास जणांच्या समितीतून एक उपसमिती निघाली. तिचा विषय होता, चायनाटाउन कुठे वसवायचं. एब रूफ हे तेव्हाच्या पालिकेचे खरे सूत्रधार. उपसमिती त्यांच्या हाती होती. माजी महापौर जेम्स फेलन हे रूफ यांचे कट्टर विरोधक. बाकी कशावरही एकमत न होणारे हे दोघे या एका बाबतीत एकाच बाजूला होते. सुचवलेली जागा होती हंटर्स पॉइंट, शहराच्या आग्नेय टोकाला, गोदीच्या आणि कत्तलखान्यांच्या बाजूला. कल्पना नवी नव्हती. जुनं चायनाटाउन शहराच्या ऐन मध्यावर, बँका आणि बंदर दोन्हींपासून चालत जाता येईल अशा जागी होतं, आणि त्या जमिनीवर कित्येकांचा आधीपासून डोळा होता. आगीने संधी दिली, एवढंच.

चिनी बाजूला अडचण दुहेरी होती. बहुतेक जमीन गोऱ्या मालकांची होती, चिनी लोकांच्या नावावर फार थोडी. घर जळालं की भाडेकरूचा हक्कही जळतो, हे मुंबईत पागडीच्या घरात राहणाऱ्याला सांगायला नको. शिवाय माणसं पांगलेली होती. ओकलंडमध्ये लोक जागा बघू लागले होते. आणखी दोन-तीन महिने गेले असते तर परत यायला कोणी उरलंही नसतं.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, हंटर्स पॉइंट मान्य करणं. नवी आखणी, रुंद रस्ते, गटारं मिळाली असती असं शहर म्हणत होतं. पण तिथे गिऱ्हाईक कोण येणार? वस्तीतल्या मोठ्या दुकानांचा धंदा गोऱ्या गिऱ्हाइकांवर आणि चीनशी होणाऱ्या आयात-निर्यातीवर होता. धोबी, आचारी, घरगडी यांची कामंही शहराच्या मध्यातच. शिवाय १८९० साली याच दिशेला ढकललं होतं, ते कोणी विसरलं नव्हतं.

दुसरा, ओकलंडमध्येच स्थायिक होणं. हा पर्याय खरा होता आणि हजारोंनी तो घेतला; ओकलंडचं चायनाटाउन त्यातूनच मोठं झालं. तिसरा, दुसऱ्या बंदराकडे जाणं. प्रशांत किनाऱ्यावरच्या इतर शहरांना चीनचा व्यापार हवाच होता. हा पर्याय प्रत्यक्षात घेण्यापेक्षा बोलून दाखवण्यात जास्त ताकद होती, आणि व्यापाऱ्यांना ते कळत होतं.

चौथा, कोर्टात जाणं. १८९० चा निकाल हातात होता, त्यामुळे नुसता वटहुकूम काढून हलवणं शहराला कठीण गेलं असतं. पण खटला चालेपर्यंत जमीन मोकळी पडली असती, आणि मोकळ्या जमिनीवर कोणीही काहीही बांधू शकतं. कोर्ट तुम्हाला राहतं घर राखून देऊ शकतं. जळालेल्या घराची जागा नव्या भाडेकरूला देऊ नका, असं ते मालकाला सांगेलच याची खात्री नव्हती.

पाचवा पर्याय, कोणाची वाट न बघता, त्याच जागी, सगळ्यांच्या आधी बांधायला लागणं. पण त्यासाठी जमिनीचे मालक बाजूला वळवावे लागणार होते.

केलेली कृती

पहिली चाल राजनैतिक झाली. चीनच्या वॉशिंग्टनमधल्या वकिलातीचे पहिले सचिव आणि सॅन फ्रान्सिस्कोतले महावाणिज्यदूत एप्रिलच्या अखेरीस ओकलंडला गव्हर्नर जॉर्ज पार्डी यांना भेटले. चीनच्या राजमातेची नाराजी त्यांनी कळवलीच. त्याहून वजनदार मुद्दा जमिनीचा होता : स्टॉकटन स्ट्रीटवरची वाणिज्य दूतावासाची जागा चीन सरकारच्या मालकीची आहे, आम्ही दूतावास तिथेच बांधणार, आणि चिनी माणसांनी त्याच्या आसपास राहावं यात गैर काय?

एरवी चीनच्या दरबाराचा शब्द तेव्हा जगात फारसा चालत नव्हता. पण आदल्याच वर्षी, १९०५ साली, चीनच्या बंदरांतून अमेरिकी मालावर बहिष्कार पडला होता, आणि त्याचं कारण अमेरिकेत चिनी माणसांना मिळणारी वागणूक हेच होतं. शांघाय आणि कँटनच्या बाजारात काय होऊ शकतं हे सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यापाऱ्यांनी नुकतंच पाहिलं होतं. मला हा या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. चायनाटाउनने आपली बाजू मांडताना दयेचा शब्दही पुढे केला नाही. तुमचं काय जाईल, ते सांगितलं.

दुसरी चाल घरमालकांशी बोलणी. गोऱ्या मालकांना ठाऊक होतं की त्याच खोलीला चिनी भाडेकरू गोऱ्यापेक्षा जास्त भाडं देतो, कारण त्याला दुसरीकडे कोणी जागा देत नाही. ज्या अन्यायाने माणसं तिथे कोंडली होती, तोच आता मालकांना त्यांच्या बाजूला खेचत होता. ‘चुंग साय याट पो’ हे वस्तीतलं वर्तमानपत्र ओकलंडला हलून पुन्हा निघू लागलं होतं आणि वाचकांना सांगत होतं : वकील गाठा, मालकांशी भाडेकरार करून घ्या, ज्यांची स्वतःची जमीन आहे त्यांनी आधी बांधायला घ्या. मालकांनी गणित केलं. चिनी गेले तर या जागेला तेवढं भाडं देणारा कोण येईल, आणि कधी? मालकांचा विरोध संघटित होऊ लागला तसतशी उपसमिती ढिली पडत गेली. जुलैपर्यंत हलवण्याची भाषा थांबली होती. वर्ष संपायच्या आत रूफ आणि श्मिट्झ यांच्यावरच खंडणीचे आरोप दाखल झाले, तो भाग वेगळा.

तिसरी चाल ज्या माणसाने केली त्याची थोडी ओळख हवी. लुक टिन एली कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो गावी जन्मला. लहानपणी शिकायला चीनला गेला, आणि १८८४ साली, चौदा वर्षांचा असताना परत आला तर बंदरावर त्याला अडवलं. त्याचा खटला ‘लुक टिन सिंग’ या नावाने चालला आणि न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी निकाल दिला की हा मुलगा इथे जन्मला, म्हणून इथला नागरिक आहे. वाँग किम आर्कच्या चौदा वर्षं आधीची ही गोष्ट. १९०६ साली तो ड्युपाँट आणि कॅलिफोर्निया या रस्त्यांच्या नाक्यावरच्या ‘सिंग चाँग’ या मोठ्या दुकानाचा कारभार पाहत होता. ज्या मुलाला बंदरावरून परत पाठवायला निघाले होते, त्याने आता शहराला तोंड दाखवायचं ठरवलं.

त्याचं म्हणणं असं होतं, की जुनं चायनाटाउन दिसायला शहराच्या इतर जुनाट भागासारखंच होतं, विटांचं, काळवंडलेलं, म्हणून त्याला कोणीही गलिच्छ वस्ती म्हणून पुसू शकत होतं. नवी वस्ती अशी बांधा की तिला बघायला लोक येतील. मग तिला पाडायला कोणी धजणार नाही. त्याने टी. पॅटरसन रॉस हे वास्तुविशारद आणि ए. डब्ल्यू. बरग्रेन हे अभियंते निवडले. दोघेही गोरे, चीन न पाहिलेले. आतून पोलाद आणि विटांची नेहमीची अमेरिकी इमारत, आणि वर पॅगोडासारखे मनोरे, वळलेल्या कडांची छपरं, लाल-हिरवे-सोनेरी रंग. ‘सिंग चाँग’ आणि समोरचं ‘सिंग फॅट’ ही दोन दुकानं अशी उभी राहिली आणि बाकीच्या रस्त्याने तोच कित्ता गिरवला. ड्युपाँट स्ट्रीटचं नावही याच सुमारास बदलून ग्रँट अॅव्हेन्यू झालं. वॉशिंग्टन स्ट्रीटवर १९०९ साली टेलिफोन एक्स्चेंज आलं, तेही पॅगोडाच्या आकाराचं. तिथल्या चालकांना शेकडो गिऱ्हाइकांची नावं पाठ असत, कारण माणसाला नंबराने पुकारणं वस्तीत उद्धटपणाचं मानलं जाई.

चौथी चाल कोणी एकाने केली नाही, आणि तिची सभाही झाली नाही. आगीत जन्मनोंदीची दप्तरं जळाली होती. मी इथेच जन्मलो, असं एखादा सांगू लागला तर ते खोडायला कागद नव्हता. नागरिक ठरलेला माणूस चीनला जाऊन आला की मुलगा झाल्याची नोंद करायचा. ती जागा पुढे पुतण्याला, शेजाऱ्याच्या मुलाला, कधी पैसे देणाऱ्या परक्याला मिळायची. अशी ‘कागदी मुलं’ हजारोंनी आली. ज्या कायद्याने बाप-लेकांची ताटातूट केली त्याच्याशी खोटं बोलून घरं जोडली गेली. यात मी त्या माणसांना दोष देऊ शकत नाही.

परिणाम

दोन वर्षांत वस्ती पुन्हा उभी राहिली. लुक टिन एली यांनी १९०७ साली कँटन बँक काढली. पर्यटक येऊ लागले, आणि ज्या शहराने ही वस्ती नकाशावरून काढायला घेतली होती, ते तिच्या चित्रांची पोस्टकार्डं विकू लागलं.

आकड्यांचं चित्र मात्र आनंदाचं नाही. शहरातले चिनी १९१० साली साडेदहा हजारांवर आले, १९२० साली आठ हजारांच्याही आत. वस्ती वाढली, असं त्या काळाबद्दल म्हणता येत नाही. वस्ती टिकली, एवढंच खरं. १९१० साली खाडीतल्या एंजल आयलंडवर चौकशी-ठाणं उघडलं. तिथे कागदी आणि खऱ्या, दोन्ही मुलांना आठवडे, महिने डांबून विचारलं जाई : घराला पायऱ्या किती, तांदळाचा डबा कुठे ठेवता, शेजारच्या गल्लीत तिसरं घर कुणाचं? लोक उत्तरांच्या वह्या जहाजावर पाठ करत आणि बंदर दिसलं की समुद्रात फेकत. बराकीच्या लाकडी भिंतींवर त्यांनी कोरलेल्या कविता आजही वाचता येतात. खोट्या आडनावाने आलेला माणूस जन्मभर त्याच आडनावाने जगला, आणि मुलांना खरं नाव सांगायचं की नाही, या भीतीत कित्येक घरं दोन-दोन पिढ्या राहिली. १९५० च्या दशकात सरकारने कबुलीची योजना काढली तेव्हा एकाच्या कबुलीत सगळ्या नातलगांची नावं यायची, म्हणून घराघरांत भांडणं झाली.

प्रवेशबंदी १९४३ साली उठली, पण वर्षाला १०५ माणसांपुरती. खरी वाढ १९६५ च्या कायद्यानंतर झाली. हाँगकाँग आणि ग्वांगडाँगहून कुटुंबंच्या कुटुंबं आली आणि १९०६ नंतर एकट्या पुरुषांसाठी बांधलेल्या खोल्यांत राहू लागली. साधारण आठ फूट बाय दहा फूट. मजल्यावर एक सामाईक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर. खालून जाणाऱ्या पर्यटकाला वळलेली कड दिसते. तिच्यामागच्या खोलीत वरच्या फळीवर अभ्यास करणारं पोर, दोरीवर वाळणारे कपडे आणि पलंगाखाली तांदळाचं पोतं असतं. अशा खोल्या अजूनही आहेत आणि भरलेल्या आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

शहराच्या बाजूने पाहिलं तर पहिली चूक सोपी आहे : माणसं कुठे आहेत, किती आहेत, कोणाचं काय गेलं, हे मोजण्याआधी ती कुठे न्यायची याची समिती नेमली. छावणी वारंवार हलवल्यामुळे जी माणसं शहरात राहिली असती तीही ओकलंडला गेली. मोजणी आधी झाली असती, तर हंटर्स पॉइंटचा खर्च आणि बुडणारा महसूल दोन्ही पहिल्याच आठवड्यात समोर आले असते. तो आकडा शेवटी घरमालकांनी दाखवला.

चिनी बाजूचा सगळ्यांत चांगला निर्णय वेळेचा होता. कोर्टाचं हत्यार म्यानात ठेवून त्यांनी भाडेकरार आणि बांधकाम पुढे नेलं. ते दिवस हातचे गेले असते तर दूतावासाची बाजू कितीही पक्की असली तरी तिच्या आजूबाजूला वस्ती नसती.

पण भाडेकरार म्हणजे मालकी नव्हे. तो क्षण असा होता की मालक घाबरलेले होते, जमिनी राखेने भरलेल्या होत्या, आणि मंडळांकडे थोडाफार पैसा होता. त्या वेळी मंडळांनी एकत्र येऊन आणखी जमिनी घ्यायला हव्या होत्या, असं मला वाटतं. कायद्याच्या अडचणी होत्या, पण इथे जन्मलेल्या नागरिकांच्या नावावर घेणं शक्य होतं, आणि लुक टिन एलींसारखी माणसं वस्तीत होती. दुसऱ्याच्या जमिनीवर टिकणं काय असतं, हे पुढे शेजारीच दिसलं. कर्नी स्ट्रीटवरच्या इंटरनॅशनल हॉटेलात म्हातारे फिलिपिनो आणि चिनी भाडेकरू राहत. मालकाला जागा हवी होती. वर्षानुवर्षं लढा चालला, आणि ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. बाहेर हजारो लोक हातात हात गुंफून उभे होते. त्याने काही तास मिळाले.

छपरांच्या निर्णयाबद्दल चिनी अमेरिकनांतच दोन मतं आहेत. काही म्हणतात, त्यामुळे पुढच्या पिढ्यांना गोऱ्या माणसाच्या कल्पनेतला चीन अंगावर वागवावा लागला. मला ही तक्रार खरी वाटते, तरी १९०६ च्या उन्हाळ्यात त्या नाक्यावर उभं राहून मीही तीच छपरं निवडली असती. माझा आक्षेप छपराखालच्या खोलीला आहे. सगळी कल्पकता दर्शनी भागावर गेली, आणि आतला आराखडा जुन्या वस्तीचाच ठेवला : एकटा पुरुष, एक बाज, एक खिडकी. बायकांना येऊच देत नव्हते तेव्हा कुटुंबाची खोली बांधायची कुणासाठी, हा प्रश्न रास्त होता. पण वस्तीत मुलं जन्मत होती. शाळा भरत होती. शे-दीडशे कुटुंबांपुरत्या जोडखोल्या त्या वेळी बांधल्या असत्या, तर १९५१ पर्यंत, म्हणजे ‘पिंग युएन’ ही वस्तीतली पहिली सरकारी घरं येईपर्यंत, लोकांना थांबावं लागलं नसतं.

एका बाबतीत मात्र वस्तीने धडा लवकर घेतला. प्लेगच्या काळात चिनी रुग्णाला शहरातली इस्पितळं दारात उभं करत नव्हती, म्हणून मंडळांनी सॅक्रामेंटो स्ट्रीटवर छोटा दवाखाना काढला होता. तो आगीत गेला. नंतर पंधरा संघटनांनी मिळून वर्गणी जमवली आणि जॅक्सन स्ट्रीटवर स्वतःचं पूर्ण इस्पितळ बांधलं, भाड्याच्या जागेवर नाही. त्याचं उद्घाटन १८ एप्रिल १९२५ रोजी झालं, भूकंपाला बरोबर एकोणीस वर्षं होत होती. १९४० च्या नोव्हेंबरात ब्रूस ली तिथेच जन्मला. ते इस्पितळ आजही त्याच रस्त्यावर चालू आहे.